गायकवाड मॅडमचा नवखा

"तू कुठे कुठे बाद?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. माजिवड्याला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. रस्त्यावर जे दिशा सांगणारे बोर्ड असतात ना, कल्याण सरळ, भिवंडी डावीकडे, पुढे वळण आहे, त्यांचे आराखडे आम्ही कॉम्प्युटरवर करून देतो. कुठला बोर्ड कुठे लागेल, केवढा असेल, त्यावर काय लिहायचं, खांब रस्त्यापासून किती लांब, सगळं. मी इंजिनीयरिंगची ताजी पदवी घेऊन आलेला. मुलाखतीत सॉफ्टवेअरबद्दल चार भारदस्त इंग्रजी वाक्यं टाकून निवडला गेलेला. आणि समोर एक पन्नाशीच्या, ठेंगण्या, गळ्यात दोन चष्मे अडकवलेल्या बाई मला विचारत होत्या की तू कुठे कुठे बाद. मला वाटलं, ऑफिसची क्रिकेट टीम असावी.

"राहतोस कुठे?" त्यांनी सोपं करून विचारलं.

"डोंबिवली. ईस्टला."

"मग डोंबिवली बाद. कॉलेज?"

"पनवेल."

"तो पूर्ण रस्ता बाद. मामा, मावशी, आत्या?"

मावशी बदलापूरची निघाली, म्हणून बदलापूरही गेलं. बाईंनी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक मोठा कागद चिकटवलेला होता. त्यावर ऑफिसातल्या प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे गावं. त्यांनी माझं नाव लिहिलं, 'मंदार', आणि पुढे माझ्या आयुष्याचा भूगोल तीन शब्दांत उरकला.

या गायकवाड मॅडम. आमच्याकडे आराखडे तपासायचं काम त्यांचं. तो कागद हा त्यांचा कायदा होता. ज्या भागात आपण राहतो, वावरतो, त्या भागाचा आराखडा आपण खुशाल काढावा, पण तपासायचा नाही. "बोर्ड माहितगारासाठी नसतो रे," त्या म्हणायच्या. "माहितगार बोर्डाकडे बघतच नाही. तू डोंबिवलीत शेवटचा बोर्ड कधी वाचलास?" मी आठवून पाहिलं. एकही आठवला नाही. "बघ. म्हणून तू बाद. बोर्ड नवख्यासाठी असतो."

हा नवखा म्हणजे मॅडमच्या घरातलाच कोणीतरी असावा असं मला पहिले काही महिने वाटत होतं. इतक्या त्या त्याच्याबद्दल आपुलकीने बोलत. नवखा टेम्पो चालवतो. लातूरकडून किंवा धुळ्याकडून आलेला असतो. शेजारी बायको, तिच्या मांडीवर पोर, पोर रडतंय. वायपर एकच चालतो. मोबाइल आहे, पण त्याची बॅटरी गेलेली. आणि मुख्य म्हणजे त्याला हळू वाचता येतं. अक्षराला अक्षर लावून. "नवखा आता या बोर्डापाशी आला," मॅडम पडद्यावर पेन्सिल टेकवून सांगायच्या, "बायको म्हणतेय, अहो, विचारा ना कोणाला तरी. हा म्हणतोय, थांब, बोर्ड येईल. आणि तू त्याला बोर्ड कुठे दिलायस? वळण गेल्यावर! आता तो बायकोचं ऐकून घेणार आयुष्यभर."

आपल्या चुकीच्या रेघेमुळे एक संसार धोक्यात आलाय हे ऐकल्यावर माणूस निमूट खांब सरकवतो.

मॅडम मूळच्या मोहन्याच्या. कल्याणच्या पलीकडे, जुना रेयॉनचा कारखाना आहे तिथल्या. वडील कारखान्यात होते. मॅडम शाळा संपवून नकाशे गिरवण्याचं काम शिकल्या. ट्रेसिंगच्या कागदावर शाईच्या पेनाने रेघा ओढायच्या आणि चुकलं तर दाढीच्या ब्लेडने शाई खरवडून काढायची, हा तो काळ. त्यांच्या उजव्या अंगठ्याजवळ ब्लेडची एक बारीक खूण होती. आमच्यातला कोणी धडाधड खोडून धडाधड नवीन काढू लागला की त्या ती खूण दाखवायच्या. म्हणायच्या काही नाहीत. पुढे कॉम्प्युटर आला, बोर्डांचं खास सॉफ्टवेअर आलं. त्यांच्या वयाची माणसं तेव्हा गळाली. मॅडम मात्र त्या सॉफ्टवेअरच्या खनपटीला बसल्या.

ते सॉफ्टवेअर परदेशी. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे त्यातला गोल चौकाचा तयार बाण आपल्याकडे वापरला तर सगळा चौक एकमेकांच्या अंगावर येईल असा. तो उलटवून घ्यावा लागे. पण मॅडमचं खरं भांडण होतं अक्षरांवरून. सॉफ्टवेअर बोर्डाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने धरायचं, आणि आपल्या वेलांट्या, उकार चौकटीबाहेर पडायचे. एकदा पहिला नमुना छापून आला. मॅडमनी तो उचलला, लांब धरला, दुसरा चष्मा लावला आणि आमच्या मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"सर, मुंब्र्याचे पाय कापलेत. आणि भिवंडीचं डोकं."

मालक म्हणजे नाडकर्णी सर. शांत माणूस, पुण्याच्या वळणाचं बोलणारा, भांडण म्हटलं की चहा मागवणारा. त्यांनी चहा मागवला. मॅडमनी पुढचा आठवडा बसून प्रत्येक मात्रेला, प्रत्येक उकाराला जागा किती लागते याचं एक कोष्टक केलं आणि ते सॉफ्टवेअरमध्ये घातलं. आजही आम्ही तेच वापरतो. त्या फाइलचं नाव 'पाय-डोकं' आहे. नवीन आलेल्यांना ते का, हे माहीत नसतं.

तपासणीची त्यांची पद्धत अशी. सॉफ्टवेअरमध्ये आखलेल्या रस्त्यावरून पडद्यावरच गाडी चालवल्यासारखं जाता येतं. मॅडम ते सुरू करून पडद्यासमोर पुठ्ठा धरायच्या, बोर्ड जवळ आला की पुठ्ठा काढायच्या, मनात एक-दोन-तीन म्हणायच्या आणि पुन्हा धरायच्या. "कुठे वळलास?" एवढाच प्रश्न. विचार करून सांगितलेलं उत्तर चालायचं नाही. आणि बाद नसलेलं माणूस मिळालं नाही की त्या ऑफिसात येईल त्याला धरायच्या. वरच्या मजल्यावरच्या विमा कंपनीतल्या बाई, पोस्टमन, कोणीही. एकदा एसी दुरुस्त करायला एक पोक्त भय्या आला होता. त्याला खुर्चीत बसवून पुठ्ठा काढला.

"भैया, किधर मुडोगे?"

तो म्हणाला, "मैडम, पहले तो चाय का बोर्ड दिखा. वहीं रुकूँगा."

आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. आराखड्यात टपरीची जाहिरात दाखवलेली होती, तिच्या शेजारीच आमचा बोर्ड. मॅडमनी तो पुढे सरकवला आणि त्या भय्याला खरोखरच चहा पाजला.

घोडबंदर रोडला आम्ही एकदा पाहणीला गेलेलो. मॅडमनी मला पुढच्या सीटवर बसवून डोळे मिटायला लावले होते. त्या "उघड" म्हणाल्या की उघडायचे, वाचायचं, "मीट" म्हणाल्या की मिटायचे. ड्रायव्हर तोंड दाबून हसत होता. पण त्या दिवशी गाडी मानपाड्याला जी अडकली ती हलेना. समोर आमचाच हिरवागार बोर्ड. मी म्हटलं, "मॅडम, घोडबंदरला तीन सेकंद कशाला? अर्धा तास आहे वाचायला. निबंध लिहिला तरी चालेल."

"जाममध्ये कोणी चुकत नाही," त्या म्हणाल्या. "जाम सुटतो ना, तेव्हा चुकतात. सगळे पिसाटतात. मीट डोळे."

असं सगळं चाललेलं असताना मोहन्याच्या बाजूच्या रस्त्याचं काम आमच्याकडे आलं. मॅडमचं निवृत्तीचं वर्ष होतं. कागदावर त्यांच्या नावापुढे आता इतकी गावं झाली होती की ओळ खाली वळली होती. त्या स्वतःच म्हणायच्या, "शहापूरपर्यंत मी सगळीकडे बाद. आता घरी बसायला मोकळी." पण मोहन्याचं काम आलं आणि बाईंच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखी लगबग दिसायला लागली.

आराखडा मॅडमनीच काढला. नियमाप्रमाणे तपासणी माझ्याकडे होती. मोहन्यात माझं कोणी नव्हतं, मी तिथे कधी गेलेलोही नव्हतो. मी अगदी अस्सल नवखा. मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या आणि चष्म्याच्या दोरीशी चाळा करत म्हणाल्या, "राहू दे रे, हे मीच बघते. माझ्या गावचं आहे."

"पण मॅडम, तुम्ही तर बाद."

"एवढं एकच," त्या म्हणाल्या.

मला त्या शनिवारी मित्रांबरोबर अलिबागला जायचं होतं. मी बरं म्हटलं. आराखड्याच्या कोपऱ्यात 'तपासले' असा चौकोन असतो, त्यात मी माझी आद्याक्षरं टाकली. न बघता.

मॅडमनी मात्र जीव ओतला. त्यांचं लक्ष खिळलं ते नावावर. सॉफ्टवेअरमध्ये गावांच्या नावांची यादी इंग्रजीवरून आलेली, आणि इंग्रजी स्पेलिंगवरून त्याने मराठी केलं होतं 'मोहोने'. मॅडमना ते सहन होईना. "मोहोने काय? आम्ही काय जन्मभर मोहोन्यात राहिलो?" त्यांनी शाळेचे जुने दाखले आणले, रेशनकार्ड आणलं, रस्त्याच्या खात्यात दोनदा जाऊन बसल्या, आणि शेवटी 'मोहने' मंजूर करून घेतलं. मग प्रत्येक बोर्डावर मात्रेची जागा, दोन अक्षरांतली फट, सगळं डोळ्यात तेल घालून बघितलं. आराखडा गेला. बोर्ड लागले. मॅडमनी स्वतःच्या गावाच्या नावाखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि आम्हाला पेढे दिले.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी एका सोमवारी त्या आल्या त्या कोणाशी न बोलता. डबासुद्धा उघडला नाही. दुपारी मला पॅसेजमध्ये बोलावून घेतलं.

आदल्या दिवशी त्यांच्या चुलतभावाच्या नवीन घराचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि पंगतीत शेजारी बसला होता कारखान्याच्या जुन्या गेटवरचा वॉचमन. तो सहज बोलून गेला की हल्ली रोज दोन-चार गाड्या रस्ता चुकून गेटपर्यंत येतात आणि उलट्या फिरतात. परवा एक जीप आलेली. आत बाळंतपणाला अडलेली बाई होती.

"मोहन्यात शिरताना फाटा आहे," मॅडम मला सांगत होत्या. "डावीकडचा बारीक रस्ता प्रसूतिगृहाकडे जातो, पुढे गावात. उजवीकडचा रुंद, तो गेटवर संपतो. आणि मी तिथे बोर्डच नाही दिला."

"का पण?"

"कारण मला कळतच नाही ना, की तो रस्ता कोणाला पुढे जाणारा वाटेल!" त्यांचा आवाज चढला. "मी बाबांचा डबा घेऊन रोज जायचे त्या गेटवर. तो गेटचा रस्ता आहे. तिथून पुढे काही नाही, हे मला माहितीये. नवख्याला दिसतो रुंद रस्ता. तो रुंदच घेणार. कोणीही रुंदच घेईल. मी मात्रा बघत बसले रे."

"ती बाई?" मी विचारलं.

"वॉचमन म्हणाला, पोचली असेल. मी सकाळी प्रसूतिगृहात जाऊन आले. काउंटरवरची म्हणाली, रोज एवढ्या येतात, कुठली सांगू." त्यांनी चष्मा काढला. "पोचली असेल ना रे?"

"असेल, मॅडम," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आम्हाला दोघांनाही ते आजपर्यंत कळलेलं नाही.

फाट्यावर एक बोर्ड वाढवायचा तर खात्याकडे सुधारित आराखडा पाठवावा लागतो, आणि सुधारणेचं कारण द्यावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये कारणांची तयार यादी आहे. जागेवरील परिस्थिती, नियमातील बदल, स्थानिक मागणी. 'आमची चूक' असा पर्याय बनवणाऱ्याने ठेवलेलाच नाही. मॅडमनी 'इतर' निवडलं आणि लिहिलं: 'हा भाग माझ्या परिचयाचा असूनही त्याची तपासणी नियम मोडून मी स्वतः केली. त्यामुळे फाट्यावरील फलक राहून गेला. – शालिनी गायकवाड.'

नाडकर्णी सरांनी ते वाचलं आणि चहा मागवला. "मॅडम, हे कारण आहे की कबुलीजबाब?"

"कारण आहे, सर."

"स्थानिक मागणी लिहू या. बोर्ड तोच लागेल, त्याच जागी लागेल. चार महिन्यांवर तुमची निवृत्ती आली. हे असं लिहिलं तर ते सगळेच आराखडे संशयाने बघतील. पुढचं काम मिळेल का?"

"मागणी कोणाची, सर?" मॅडम म्हणाल्या. "गाववाल्यांना बोर्ड नको आहे, त्यांना रस्ता माहितीये. आणि नवखा मागणी करायला येत नाही. तो एकदाच येतो."

सरांनी कप बाजूला ठेवला. मग त्यांनी कागद पुढे सरकवला. पाठवा म्हणाले.

मी तिथेच उभा होतो. चौकोनातली आद्याक्षरं माझी होती. मॅडमच्या मजकुरात माझा उल्लेख नव्हता. एक शब्द बोललो असतो तर तो झाला असता. मी बोललो नाही. या गोष्टीची मला आजही लाज वाटते, आणि हे सगळं लिहायला बसलो त्यामागे तीही आहे.

सर म्हणाले होते तेच झालं. खात्याने उत्तर पाठवलं की त्या कामातले सगळे आराखडे पुन्हा तपासून द्या. दोन महिने ऑफिस त्यातच गेलं. सुट्ट्या रद्द झाल्या, आणि त्याचा राग सगळ्यांनी मॅडमवर काढला. तोंडावर कोणी बोललं नाही, पण त्यांच्या टेबलाशी डबा खायला बसणारी माणसं दुसरीकडे बसायला लागली. "राजा हरिश्चंद्राच्या आजी," कोणीतरी म्हणालं, आणि ते त्यांना ऐकू गेलं. मॅडम पुठ्ठा हातात घेऊन एकेकाला बोलवत राहिल्या. त्या तपासणीत आणखी दोन ठिकाणी बोर्ड राहिलेले सापडले. त्यातलं एक काम माझं होतं. तेव्हा मात्र मी स्वतःहून सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या, हीही आणि मोहन्याचीही. सरांनी ऐकून घेतलं. बाहेर आलो तर मॅडम चष्मा पुसत होत्या. "उशीर केलास," एवढंच म्हणाल्या, आणि डबा माझ्याकडे सरकवला. सुकटीची चटणी होती.

फाट्याचा बोर्ड मंजूर झाला, पण मंजूर होणं वेगळं आणि लागणं वेगळं. तो लागायच्या आत मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी बेताचीच भाषणं झाली. नंतर त्या लेकीकडे नाशिकला राहायला गेल्या. आता सणावाराला फोन होतो, भेट नाही. पण जाण्याआधी मी त्यांना एकदा पाहिलं, ते सांगून थांबतो.

बोर्ड लागल्याचा निरोप आला तसा मी फोटो काढायला मोहन्याला गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. फाट्यावर एक पानटपरी आहे, तिच्या बाकड्यावर मॅडम बसलेल्या. मी चकित झालो. टपरीवाला म्हातारा वैतागून म्हणाला, "या बाई तीन महिने रोज येतात. मी लोकांना रस्ता सांगायचो, तो काम बी यांनी घेतला. आता बोरड लागला. आता मना कोन इचारील?"

रिटायर झाल्यापासून रोज सकाळी त्या तिथे येऊन बसत होत्या. गाडी फाट्यापाशी घुटमळली की उठायचं आणि हात करून डावीकडे वळवायचं. दुपारी जेवायला घरी. मी त्यांच्या शेजारी बसलो.

इतक्यात एक व्हॅन आली. नंबर बाहेरगावचा. मागच्या सीटवर एक अवघडलेली बाई रेलून बसलेली, तिच्या पाठीला हात देऊन एक म्हातारी. व्हॅनचा वेग फाट्यापाशी कमी झाला. मॅडम सवयीने ताडकन उठल्या, रस्त्याकडे दोन पावलं गेल्या आणि हात वर केला.

ड्रायव्हरने मान उचलून वर बोर्डाकडे पाहिलं. ओठ हलले त्याचे, अक्षराला अक्षर लावल्यासारखे. आणि व्हॅन डावीकडे वळून गेली.

मॅडमचा हात तसाच वर होता. तो त्यांनी हळूहळू खाली घेतला आणि माझ्याकडे वळल्या. डोळे भरून आले होते.

"मंदार," त्या म्हणाल्या, "त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही रे."